मान हलवायला ये

प्रिय भोंगाबाई,

हे नाव तुला आवडत नाही हे ठाऊक आहे. पण जन्मल्यावर तू जो सूर लावलास त्यावरून बोटवाल्यांनी ते ठेवलं, आता ते कसं पुसायचं? फोन सोडून आईने पत्र कुठे काढलं, असं म्हणशील. मोबाइल आमच्या दोघांत एकच, आणि तो बाबांच्या खिशात. तुझा फोन आला की तेवढा माझ्या हातात देतात, पण त्यावर काही लिहिलं तर आधी तेच वाचतात. शिवाय आपलं मागचं बोलणं झालं त्यानंतर तुझा फोन नाही. मी रोज वाट बघते आणि कामात असेल अशी रोज स्वतःची समजूत घालते. पत्र लिहिताना निदान मधेच कुणी फोन ठेवत नाही.

इकडे तेच चाललंय. घराखालच्या दुकानात बोटींचे भोंगे इतके साचलेत की पाय ठेवायला जागा नाही. भोंग्यातली ती पातळ चकती आठवते ना, हवा आली की थरथरते आणि कर्णा बोलायला लागतो? ती आता कंपनी बनवतच नाही. बाबांनी विचारलं तर माल बंद झाला, नवा इलेक्ट्रिक भोंगा घ्या, असं कळवून कंपनीवाले मोकळे झाले. तेव्हापासून एक भोंगा जगवायचा तर दुसरा मारायचा, असा हा धंदा झालाय. भंगारवाला मोडीत निघालेल्या बोटींचे भोंगे आणून टाकतो, बाबा ते उघडतात, आतली चकती दिव्यापुढे धरून तडा शोधतात आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून बादलीत टाकतात. एकदा बिस्किटाच्या डब्याच्या झाकणातून चकती कापली होती. एवढाली जहाजं ओढणारी टगबोट दिवसभर शेळीसारखी ओरडत फिरली, आणि टगवाला इतका रुसला की बरेच दिवस आपल्याकडे चहाला फिरकला नाही. हसू येतं, पण दमायलाही होतं गं. या वयात तेलकट चिंध्या धुवायच्या जिवावर येतात. बाबांच्या हातून पकड निसटते, मग मी दुसरीकडे बघते. तू मागे आलीस तेव्हा म्हणालीस की आता बंद करा हे सगळं. खरं सांगू, मलाही तेच हवंय. बाबाही म्हणतात, एवढा फेरीबोटीचा भोंगा होऊ दे, मग दुकानाला कुलूप.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू शाळेत होतीस तेव्हाच बाबांचा कान गेला. माणसाचं बोलणं त्यांना कळतं, पण भोंग्याचा सूर जागेवर आहे की जरा वर चढलाय, ते कळत नाही. आयुष्यभर भोंग्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! मला कसं समजलं, तर एक दिवस ते मागचा स्क्रू पिळत होते. भोंगा केव्हाच सुरात आला होता, तरी ते पिळतच होते. मी दारातून सहज मान हलवली आणि ते थांबले. मग तोच रिवाज पडला. त्यांनी हवा सोडायची, मी समोर उभं राहायचं आणि त्यांनी माझ्याकडे बघत स्क्रू फिरवायचा. सूर चुकला की माझी भुवई चढायची, जुळला की मान हलायची. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नाही. लग्नाच्या दिवशीही या माणसाने माझ्याकडे इतकं बघितलं नव्हतं, आणि मला ते आवडायचं, हेही आता सांगून टाकते. मालकांचा कान म्हणजे कान, असं बोटवाले म्हणायचे. मी आपली त्यांचे चहाचे कप गोळा करायची.

आपल्या बंदरात दोन बोटींना सारखा आवाज द्यायचा नाही, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. धुक्यात कोण कुठे आहे ते आवाजावरूनच ओळखायचं. धक्क्याची उंच भिंत आपलाच आवाज परत फेकते, तो किती उशिरा येतो त्यावरून कप्तान भिंतीचं अंतर जोखतो. गेल्या महिन्यात टगबोटीचा भोंगा दुरुस्त झाला. बाबांनी स्क्रू पिळला, मी मान हलवली. पुढच्याच धुक्यात फेरीबोटीच्या कप्तानाने भोंगा दिला, समोरून बऱ्याच उशिराने हुबेहूब तोच आवाज आला, आणि भिंत अजून लांब आहे असं समजून तो निवांत पुढे गेला. ती भिंत नव्हती, टगबोट होती. कठडा वाकला, रंग खरवडला, बाकावरची एक बाई गुडघ्यांवर पडली, एवढ्यावर निभावलं. कप्तान भला माणूस. भोंगा काखोटीला मारून आला आणि हसतच म्हणाला, "मालक, दोघांना एकच गळा दिलात की." बाबा हसले नाहीत. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तू तर मान हलवली होतीस." रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. चहा उतू जात होता, लक्ष नव्हतं, असं मी काहीतरी ठोकून दिलं.

त्या टकरीत फेरीबोटीच्या भोंग्यातली चकती तडकली. बाबांनी सगळी बादली उपसली तेव्हा तिच्या मापाची एकच धड चकती सापडली. ती फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली आहे. जुना पत्रा तो, जरा जास्त आवळला की गेला, आणि सैल राहिला तर भोंगा नुसता फुरफुरतो. कप्तानाने इलेक्ट्रिक भोंगा मागवलाय, पण तो येईपर्यंत धुक्याचे दिवस सरतील. तोवर धुकं पडलं की फेरीबोट सुटत नाही. पलीकडच्या दवाखान्यात जाणारी माणसं हातात कागद धरून धक्क्यावर बसून राहतात, आणि कप्तान आपल्या दारातून डोकावून जातो. बाबा रोज स्क्रूड्रायव्हर पुसून माझी वाट बघतात. मी एकदा पाठ दुखते म्हटलं, एकदा डोकं, एकदा पाहुणे येणार आहेत म्हटलं. कोण येणार होतं कप्पाळ! काल त्यांनी मला हाकच मारली नाही. स्क्रूड्रायव्हर पुसला आणि परत खणात ठेवून दिला. मला वाटतं त्यांना कळलंय, जसं मला त्यांचं कळलं होतं. आता दोघांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

तेव्हा भोंगाबाई, सरळच लिहिते. माझाही कान गेलाय. ज्या भोंग्यांनी त्यांचा नेला, त्यांच्यासमोर मीही उभीच होते की. तू अंघोळ करताना आतून ओरडायचीस, टगबोट आली, फेरीबोट आली, आणि कधी चुकायची नाहीस. तो कान अजून तुझ्याजवळ असणार. ये, आणि एकदा माझ्या जागी उभी राहा. फेरीबोटीचा सूर टगबोटीच्या सुराखाली नीट बसला की मान हलव. बाबांना काही विचारू नकोस, काही समजावू नकोस, ते बरोबर बघतील. पण पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी नाही. समोरच्याचे ओठ हलताना दिसले की मी अंदाजाने निभावून नेते, म्हणून कुणाला कळलं नाही. फोनला ओठ नसतात. त्या दिवशी तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस आणि मला नुसती घरघर येत होती. मग तू थांबलीस. आता माझी बोलायची पाळी असेल असं वाटून मी म्हणाले, छान झालं गं, बरं झालं. त्यावर तू काहीच बोलली नसावीस, कारण घरघरसुद्धा आली नाही, आणि नंतर फोन बंद झाला. काय सांगत होतीस, बाळा? छान नव्हतं का ते? भोंग्याचं एक वेळ राहू दे. माझ्यासमोर बसून ते परत सांग, सावकाश, माझ्याकडे तोंड करून.

तुझीच, दाराकडे डोळे लावून बसलेली,
आई