डब्यावरचं संत्रं

एकादशी, संध्याकाळ

आज कामावरून आले, तोच नणंदबाईंनी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कोलॅजनचा डबा आणला. डब्यावर भलंमोठं संत्रं. बघताक्षणी ओळखला. कुरकुंभला आमच्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला भरतो तो. पावडर माशाच्या कातडीची. संत्रं नुसतं वासापुरतं.

हे मी मागं एकदा घरात खरं सांगून बसले, तिथंच चुकलं. सासूबाई माळकरी. तेव्हापासून कामावरून आले की आधी अंघोळ, मगच स्वयंपाकघर. देवघराला तर हातच लावायचा नाही.

तरी आजही सासूबाईंना बोललेच. "आत्या, ह्यात मासा हाय." डब्यावरचा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणसुद्धा दाखवला. नणंदबाईंनी डबा फिरवून संत्रं आईपुढं केलं. "वहिनी, तुमच्या कंपनीतलं येगळं. हे फळाचं हाय." वाचता येतं की त्यांना. मग मुद्दाम?

सासूबाईंनी उपासाच्या दुधातून पेलाभर घेतलं. लगेच म्हणे गुडघा हलका झाला! कंपनीत तर सांगतात, महिनोन् महिने घ्या, मग कुणाला फरक पडतो, कुणाला नाही. पण लेकीनं आणलंय ना.

रिकामा पेला उचलायला मी वाकले, तर ओरडल्या, "शिवू नगंस! माशाचं हात हायत तुझं. आधी अंघोळ कर, मग घास."

अंघोळ केली. पेला घासायला घेतला. तळाशी पावडर चिकटली होती. बोटानं खरवडून काढली आणि माझे हात पुन्हा माशाचे झाले.