काट्यावर तोललेले तप

॥ श्री वीतरागाय नमः ॥
खापर, श्रावण वद्य १४

चि. अरिहंत यास आजोबा जेठमल यांचे अनेक शुभाशीर्वाद व जय जिनेंद्र.

पर्युषणात तू अठाई आरंभिलीस, आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणार, हे ऐकून मला गहिवरून आले. कालच्या व्याख्यानानंतर आपल्या जैन स्थानकात सर्वांसमक्ष मी ते सांगितले. ज्याला एकासणे, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे, सांगितले तर कचोरीचा वास कोठून येतो हे आधी कळायचे, तोच हा अरिहंत काय, असे तुझ्या आजीने दोनदा विचारले आणि लगेच पारण्याची चांदीची वाटी घासावयास घेतली.

चातुर्मासापुरता मी दूरध्वनी वर्ज्य केला आहे व खापरची वेस न ओलांडण्याचा नियम घेतला आहे, हे तू जाणतोस. म्हणून हे पत्र जीपवाल्याच्या हाती देतो. तो सांगत होता की तू गाडीच्या आतले सारे सामान उचकटून काढले आहेस. तुझे आईवडील सुरतेस, तू शहाद्यास एकटा. यास्तव मला विचारणे भाग आहे. हे कशासाठी?

उत्तर त्याच जीपने पाठवावे. आमच्यावरील माया उपवासाने रोडावू देऊ नये.

तुझा,
जेठमल

शहादा, भाद्रपद शुद्ध १

तीर्थरूप दादाजींच्या चरणी अरिहंतचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपण सरळ विचारलेत, आणि पर्युषणात मी खोटे लिहिणार नाही. रविवारी, षष्ठीला, धडगावच्या घाटात शर्यत आहे. रस्ता बंद ठेवून एकेक गाडी वर सोडतात आणि वेळ मोजतात. गेल्या वर्षी चार सेकंदांनी माझा पहिला नंबर हुकला. इंजिन तेच ठेवून वेग लवकर घ्यायचा तर ओझे कमी करणे हाच मार्ग. मागचे आसन, जादा चाक, जॅक, एसी, गालिचे आणि दारांच्या आतले पत्रे काढले. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर गाडी तोलली. आधी आठशे पंधरा किलो होती, आता सातशे अठरा. आमचा मिस्तरी नारसिंग म्हणतो की गाडी आते पाखरू व्हयी गयी.

लहानपणी आपणच सांगितले होते की मातीचे लेप दिलेला तुंबा, म्हणजे वाळका पोकळ भोपळा, पाण्यात बुडतो आणि लेप सुटले की आपोआप वर येतो. मी तेच करतो आहे.

आता गाडीतून काढण्यासारखे फक्त मीच उरलो होतो. पाच दिवसांत साडेचार किलो उतरलो. तेव्हा पारणे पंचमीस नको. दोन उपवास वाढवून रविवारी शर्यतीनंतरच करीन. दादीजींना यातले काही माहीत नाही. फोनवर मी ठणठणीत असल्याचे सांगतो.

आपला आशीर्वाद एवढेच ओझे सोबत ठेवणारा,
अरिहंत

खापर, भाद्रपद शुद्ध २

चि. अरिहंत यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले.

फळाची अभिलाषा धरून केलेल्या तपाला आपल्या शास्त्रात शल्य म्हटले आहे. शल्य म्हणजे देहात रुतून राहिलेले बाणाचे टोक. परंतु आज मी धर्माच्या हानीने व्याकुळ नाही. मला तुझ्या देहाचे भय वाटते. तुंब्याची गोष्ट मी अर्धीच सांगितली, हा दोष माझा. लेप मातीचा असतो, अरिहंत. तो सुटतो तेव्हा तुंबा अखंड राहतो. तू लेप समजून तुंबाच खरवडतो आहेस. दारातला पत्रा हा परिग्रह नव्हे, आणि तुझ्या अंगातले रक्तमांसही नव्हे.

वयाच्या तिसाव्या वर्षी मी अठाई केली होती. सातव्या दिवशी दुकानात धान्य तोलताना मी उभाच्या उभा कोसळलो. भुवईवरचा व्रण तू लहानपणी बोटाने चाचपत असायचास. कोसळण्याआधी मला काहीही जाणवले नव्हते. माझ्याखाली दुकानाची फरशी होती. तुझ्याखाली दरी असेल.

स्थानकात लोक मला थांबवून तुझ्या तपाला वंदन करतात. मी मान लववतो आणि पुढे निघतो. पंचमीस पारणे कर. ही आज्ञा नाही, याचना आहे. एवढे माझे ऐकावे.

जेठमल

शहादा, भाद्रपद शुद्ध ४, संवत्सरी

तीर्थरूप दादाजींना नमस्कार.

वर्षभरात मन, वचन, कायेने आपल्याला दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण एवढ्या जवळ येऊन माघार घेववत नाही.

खोटे लिहिणार नाही म्हटले होते, म्हणून हेही लिहितो. काल सरावात तिसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे अंधार आला. भानावर आलो तेव्हा गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर उभी होती. शेजारी बसलेल्या नारसिंगने हातब्रेक ओढला होता. तो म्हणाला की भाऊ, गाडी हलकी व्हयनी ते व्हयनी, तूबी वारावर उडी ऱ्हायना. झोप कमी झाली असेल, एवढेच. रविवारी मात्र त्याला बसवणार नाही. त्याचे वजन बहात्तर किलो आहे.

क्षमा असू द्यावी.
अरिहंत

खापर, भाद्रपद शुद्ध ५

चि. अरिहंत,

रविवारी पहाटे मी खापरची वेस ओलांडतो आहे. बत्तीस चातुर्मासांत हा नियम मोडला नव्हता. प्रायश्चित्त मी भोगीन. चांदीची वाटी व मुगाचे पाणी सोबत आणीन. तू ते प्यायला नाहीस तर मी तुझ्या गाडीत बसेन. आसन नसेल तर पत्र्यावर बसेन. माझे वजन एकसष्ट किलो आहे, हे तुझ्या हिशेबात धरून ठेव.

जेठमल

शहादा, भाद्रपद शुद्ध ७

तीर्थरूप दादीजींच्या चरणी अरिहंतचा साष्टांग नमस्कार.

दादाजींनी प्रायश्चित्ताचे तीन दिवसांचे मौन घेतले आहे असे कळले, म्हणून काल काय घडले ते मीच लिहितो. माझे तप गाडीसाठी होते, दादीजी. आपण वाटी घासत होता तेव्हा मी स्वतःला काट्यावर तोलत होतो.

गाड्या रांगेत उभ्या होत्या. दादाजी आले आणि मागच्या उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसले. लोक हसले. एकाने तर विचारले की बाबा, तुम्ही कोणत्या कंपनीचे सुटे भाग. दादाजींनी त्यालाही जय जिनेंद्र केला आणि वाटी भरून माझ्यापुढे धरली.

त्यांचे समाधान करावे, दोन घोट प्यावे आणि निघावे, असे मी ठरवले. पण वाटी हातात घेतली आणि हात असा थरथरू लागला की निम्मे पाणी शर्टावर सांडले. दोन्ही हातांनी धरली तरी ती ओठांशी टेकेना. शेवटी दादाजींनी खालून हात दिला. त्यांचाही हात कापत होता. पण दोघांच्या हातांत मिळून वाटी स्थिर राहिली आणि मी प्यालो. ह्याच हातांनी मी सतरा वळणे घेणार होतो.

माझा क्रमांक तीनदा पुकारला. मी उठलो नाही.

मला शहाद्यास उतरवून नारसिंगने दादाजींना आपल्याकडे पोहोचवले. मी तोंड दाखवू शकलो नाही. आज त्याने मागचे आसन पुन्हा बसवले, जादा चाकही ठेवले. मी गाडी काट्यावर नेली नाही.

वाटी माझ्याकडेच राहिली आहे. ती द्यायला येईन. सावकाश येईन.

रागवावे, पण परके करू नये.
आपला,
अरिहंत