दोन-चार रुपयांचा डाव आणि बोरिवलीचं घर

मी, जयवंत लवू गावकर, वय ५८, अविवाहित, राहणार बोरिवली पूर्व, धंदा दिंडोशी कोर्टाबाहेर टंकलेखन, हे शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. शुद्धीचा दाखला सोबत आहे. डॉक्टरांनी मला फक्त वार विचारला. मी शनिवार म्हणालो आणि शिक्का मिळाला. सव्वीस वर्षं इतरांची मृत्युपत्रं टाइप केली, त्यात एक शब्द माझा घातला नाही. इथे घालणार आहे.

१. बोरिवलीचं राहतं घर मी माझी बहीण नीलम हिला एकटीला देतो. नवऱ्याला सोडून ती चार दिवसांसाठी इथे आली, त्याला अकरा वर्षं झाली. मी काही न लिहिता गेलो, तर निम्मं घर धाकटा भाऊ हर्षद याचं होईल, ते विकावं लागेल, आणि निम्म्या पैशात नीलमला या उपनगरात दरवाजा येईल, मागची खोली येणार नाही. म्हणून हा खटाटोप.

२. पत्त्यांचे दोन जोड आणि सोंगट्यांचा डबा हर्षदची मुलगी अपूर्वा हिला. आमच्याकडे रविवारी जेवणं झाली की पोकर असतो. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन रुपये, पुढच्या दोन फेऱ्यांत चार. त्याच्या वर चढवायला बंदी. कोणाची इस्टेट जात नाही, फक्त अब्रू जाते. अपूर्वा, डब्यासोबत अक्कलही देतो. दहातले सात हात न खेळता टाक. कंटाळा आला म्हणून खेळू नकोस, तुझ्या बापाचं तेच होतं. शेवटी बोलायची पाळी असेल तर थोडे हलके पत्तेही चालतात, कारण बाकीच्यांनी आपली मूर्खपणाची बाजू आधीच मांडलेली असते. एका पत्त्याची वाट बघत असशील, तर मध्ये किती जमलेत ते बघ. चाळीस जमलेत आणि चार मागतायत, तर दे. आठ जमलेत आणि चार मागतायत, तर ऊठ, चहा टाक. पत्ते चांगले आले की दर फेरीला पैसे लाव, नाटक करू नकोस. आणि दोन रुपयांच्या टेबलावर हूल देऊ नकोस. हूल द्यायला समोरचा घाबरणारा लागतो. तुझा बाप वीस वर्षं प्रत्येक हाताला म्हणतोय, "दोन रुपयांत कळतंय ना, दादा? मग बघू दे."

३. हे मला माहीत असून मी त्यालाच हूल दिली. तीन वर्षांपूर्वी सोसायटीत नीलमचं नाव नॉमिनी म्हणून लावलं आणि हर्षदला सांगितलं, घर तिच्या नावावर झालं, विषय संपला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मी रोज गिऱ्हाइकांना फुकट सांगतो. हर्षद म्हणाला, "बघू दे." सोसायटीच्या ऑफिसात जाऊन नोंद बघून आला. त्या रविवारी त्याने मला काही ऐकवलं नाही, फक्त वरण दोनदा मागून घेतलं. नीलमने वाढलं. मी मान वर केली नाही.

४. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांना माझा जुना टाइपरायटर. गळक्या टाकीबद्दल मी त्यांना अकरा पत्रं दिली. उत्तर टाइप करायला आता त्यांना सबब नाही.

५. बँकेतली मुदत ठेव हर्षदला. सोबत एक सूचना. आपल्या टेबलावर चार रुपयांच्या वर कोणी जात नाही. कोर्टात चढवायला बंदी नाही, हर्षद. तिथे एका तारखेला वकील जे मागतो, त्यात तुझे दहा वर्षांचे रविवार निघाले असते. मी बाहेर बसून सगळ्यांना आत जाताना बघतो. बाहेर येतात तेव्हा त्यांची मुलं सोबत असतात, कागद तेच.

६. या वेळी हूल नाही. गेल्या रविवारी, पत्ते वाटायच्या आधी, पाचव्या कलमापर्यंत टाइप झालेला हा कागद हर्षदपुढे ठेवला. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला. नीलम आत भांडी लावत होती, ती एकदम थांबल्याचं ऐकू आलं. हर्षदने विचारलं, "साक्षीदार कोण?"

मी म्हटलं, वकील क्षमा तांबे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. दुसरा शोधतोय.

"मी चालतो?"

मी सांगितलं, ज्याला काही मिळतंय त्याने सही न केलेली बरी, पुढे लोक शंका काढतात. त्याने माझ्या खिशातलं पेन घेतलं, कलम ५ वर आडवी रेघ मारली आणि खाली बारीक सही केली. "सूचनेवर पण मारलीय," म्हणाला. "ती फार लांब होती."

खाडाखोडीचा कागद नोंदवायला नेऊ नये, हे मला कळतं. पुन्हा टाइप करायला तासही लागला नसता. पण हाच नेणार आहे. खोडलेल्या जागी मी आणि दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार: जयवंत लवू गावकर

आमच्यासमोर जयवंत गावकर यांनी, आणि त्यांच्यासमोर आम्ही, सही केली:
१. क्षमा तांबे, वकील, गोरेगाव पूर्व
२. हर्षद लवू गावकर, मुलुंड पूर्व. घर नीलमचं आहे, हे वाचून सही केली.

बोरिवली, रविवार, १६ फेब्रुवारी २०२५