खोडून उरेल ते

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय खोडरबर,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. मी तुझ्याहून थोडीच मोठी आहे, पण आशीर्वाद द्यायचा हक्क काही सोडणार नाही. इथे सगळे बरे आहेत. तुझ्या दादाचा गुडघा कुरकुरतोय आणि गुडघ्यापेक्षा जास्त तो स्वतः कुरकुरतोय. तुझी शाळा काय म्हणते? चित्रकलेच्या बाई झालीस म्हणे! पोरं घाबरतात की डोक्यावर बसतात?

पत्र कामाचं आहे, आधीच सांगते. एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आलीये. सगळ्या खोल्यांना आपले छापील पडदे, त्यावर एकच वेल. पण ती वेल काही जमत नाहीये गं. नव्या मुली हुशार आहेत, पण तुझी नजर कुठून आणणार? त्यात ते कॉम्प्युटरचे स्क्रीन सारखे रुसतात. तेव्हा चार दिवस रजा काढ आणि येऊन जा. कारखान्याच्या भल्यासाठी म्हणतेय हो.

बाकी कारखाना झकास चाललाय. कागद-पेन्सिल बंद करून स्क्रीन आणायचा हट्ट माझाच, पण मलाही आतून वाटत होतं, नव्याचे नऊ दिवस. कसलं काय! रंगवाला काका आठवतो ना, ‘यंत्राला काय डोंबल रंग कळतो’ म्हणून हात बांधून बसला होता? आता तोच सगळ्यांना शिकवतो आणि वर म्हणतो, मी आधीपासून सांगत होतो. मुली घरून डिझाइन पाठवतात, प्रत्येकजण त्यावर आपलं मत टाकतो. शिलाईवाल्या बाईसुद्धा. आपण त्यांना कधी विचारलं होतं गं? परवा त्यांनीच सांगितलं, काठाला फुलं नकोत, दुमड घातली की फुलांची मुंडकी उडतात. इतकी वर्षं आपण मुंडकी उडवत होतो.

आता तू म्हणशील, वर तर म्हणालीस स्क्रीन रुसतात. बरं बाई, नाही रुसत. आणि वेलही हॉटेलवाल्यांनी गेल्या आठवड्यातच पास केली. एकही बदल न सांगता. छापून वाळत घातलीये.

परवा गंमत झाली. मी वेलीचं एक पान खोडलं आणि स्क्रीनवर जोरात फुंकर मारली. रबराचा कचरा उडवायला! मुली पोट धरधरून हसल्या. मीही हसले. मग डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून बाहेर गेले. काय जाणार डोळ्यांत? कचरा तर नव्हताच.

आपलं ते मोठं टेबल. इकडून मी सुटल्यासारखी रेघा ओढायची, तिकडून तू खोडत यायचीस. मी ओरडायची, “अगं, चांगलं पान होतं ते!” आणि तू वर न बघता म्हणायचीस, “चांगलं होतं. पण लागत नव्हतं. खोडून उरेल ते डिझाइन.” असा राग यायचा तुझा! आता मी पान काढते, मलाच नको वाटतं, बटण दाबते. संपलं. कुणाशी भांडू? त्या मुली तर प्रत्येक रेघेला छान म्हणतात. गोड आहेत, पण नुसत्या गोडाने तोंड येतं. शिवाय बटणाने खोडलं की मागे काहीच राहत नाही. तू खोडायचीस तेव्हा माझी रेघ खाली पुसट दिसत राहायची.

स्क्रीन आले त्या दिवशी तू म्हणालीस, “वहिनी, खोडायला बटण आलं. माझी सुट्टी!” मला चेष्टाच वाटली. शाळेच्या नोकरीचं पत्र दाखवलंस तेव्हा कळलं. थांब म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण कारण काय सांगणार होते? काम अडेल म्हणून? ते अडणार नव्हतं, तुलाही दिसत होतं. आणि काम नसताना माणसाला थांब कसं म्हणतात, ते मला येईना. म्हणून मग चार लोकांत उभं राहून तुझ्या नव्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या. काय ते भाषण! तू टाळ्या वाजवल्यास, तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतीस.

तेव्हापासून फोनवर आपण एकमेकींना हवा कशी आहे ते विचारतो. हवेचं आपल्याला काय पडलंय गं?

टेबल जागा अडवतं, विकून टाकू, म्हणून तुझा दादा मागे लागलाय. मी म्हटलं, मीटिंगला लागतं. मीटिंग सगळी स्क्रीनवर होते, हे त्यालाही ठाऊक आहे. पण माझं तोंड बघून गुडघा चोळत निघून गेला. काल एक मुलगी सहज तुझ्या खुर्चीवर टेकली तर तिच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली, पण का खेकसले ते सांगता आलं नाही.

पत्र पेन्सिलीने लिहिलंय, ते तू पाहिलंच असशील. मुद्दाम लिहिलंय. काढ तुझं रबर आणि कर नेहमीसारखी सुरुवात. हॉटेल खोड. रजा, चार दिवस, कारखान्याचं भलं, सगळं खोड. मी ओरडणार नाही. फक्त ही शेवटची ओळ तेवढी राहू दे.

काम काही नाही. तू ये.

टेबलाच्या इकडच्या बाजूने,
तुझीच,
वहिनी