एकाच जिमला दोघे

चि. नकुल, तुझा गुडघा कसा आहे? चि. सुशांत, खोकला गेला का? सूनबाई राधिका, तुझी कंबर? आणि नात रुहीचा ताप उतरला ना? मी बरी आहे. बरी आहे तोवर लिहून ठेवते.

मी शोभना मनोहर घारपुरे, वय सत्त्याहत्तर, राहणार नेपरव्हिल. डोकं ठिकाणावर आहे, कोणी भरीला घातलेलं नाही. वकिलाकडे इंग्रजी कागद झालाय. हा माझ्या भाषेतला.

घर विकून दोघा मुलांनी निम्मं-निम्मं घ्यावं. दागिने राधिकाला, बँकेतलं रुहीच्या शिक्षणाला. ह्यांचा रेफरीचा पट्ट्यांचा शर्ट माझ्याबरोबर जाऊ द्या, धुऊ नका. दर सोमवारी "तो रेफरी पुन्हा पाठवू नका" म्हणून फोनवर ओरडणाऱ्या कोच ब्रायनला माझी जपमाळ.

शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांना रेफरी नेमायचं माझं काम मात्र वारशाने देता येत नाही. रेफरींची असोसिएशन ते माझ्या हाताखालच्या पद्मिनीला देणार. तिला शिकवलंय: नवख्याची जोडी जुन्याशी लावायची, ज्याचं पोर जिथे खेळतंय त्या शाळेचं जिम, म्हणजे खेळायचा हॉल, त्याला द्यायचं नाही. आणि ज्यांनी "ह्याच्याबरोबर नको" म्हणून एकमेकांची नावं बंद केलीत, त्यांची जोडी कॉम्प्युटर लावतच नाही. तशी बंद नावं आमच्याकडे दोनच आहेत. दोन्ही माझ्या पोटची.

त्या फायनलला एकाच धडकेवर तुम्ही दोघांनी शिट्ट्या मारल्या. नकुलने धडकणारीचा फाउल दाखवला, सुशांतने अडवणारीचा. हात कोणी खाली घेईना. रात्री एकाचा फोन, "आई, त्याला माझ्याबरोबर देऊ नकोस." मग दुसऱ्याचा. वाक्यसुद्धा तेच, मेल्यांनो. तेव्हापासून दिवाळीचा फराळसुद्धा मी दोन घरी पोचवते.

माझ्यानंतर पद्मिनी बिचारी नियमाने चालेल आणि तुम्ही जन्मभर वेगळ्या जिमला जाल. म्हणून माझी गाडी दोघांच्या नावाने सामाईक ठेवते. विकायची नाही. लांबच्या सामन्याला एकत्र जायचं, चालवायची पाळीपाळीने.

बंद नावं उघडायचा अधिकार अजून माझ्याकडे आहे, तो आज वापरला. येत्या शनिवारी आठवीच्या मुलींचा सामना आहे, रेफरी घारपुरे आणि घारपुरे. मी प्रेक्षकांच्या पायरीवर बसून बघणार. मृत्युपत्रातलं एखादं कलम जिवंतपणी पाहिलं तर कायदा काही म्हणत नाही, वकिलाला विचारलंय.

सही: शोभना मनोहर घारपुरे
साक्षीदार: चैत्राली दाभोळे, सत्यजित उकिडवे (दोघे शेजारी)
नेपरव्हिल, इलिनॉय. ११ जानेवारी २०२६

ता. क. कोणाचा नकार असेल तर मला दुसरा रेफरी शोधायला वेळ लागेल. मुली खोळंबायला नकोत. तेव्हा दोघांनीही उत्तर लवकर पाठवा.