बॉनेटवरचे डाग

आई, आमची गाडी काल विकली गेली. गाडी म्हणजे मोटार, मागे डिकी असलेली लांबडी, तुझ्या जावयाने रिटायर व्हायच्या आधी हौसेने घेतलेली. तू गेलीस तेव्हा आमच्याकडे एक सायकल होती, तीही दिराची. जावई जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हापासून गाडी इथे बिबवेवाडीत, सोसायटीच्या आवारात नुसती उभी असायची. शनिवारी मुलाची नवी गाडी येतेय आणि इथे एका घराला एकच जागा, म्हणून जुनी त्याआधी जायलाच हवी होती. दोन गिऱ्हाइकं बघून गेली ती परत फिरकली नाहीत. काल तिसरं येणार, तर मुलगा मला म्हणाला, "आई, आज तू खाली येऊ नकोस. तू बोलायला लागलीस की माणसं पळतात." मी म्हटलं, बरं. आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेले. आल्यागेल्याला पाणी नको का विचारायला?

वाघोलीचे नवराबायको होते, तिच्या कडेवर लहान मुलगी. मुलाने गाडी अशी पुसली होती की दारात माझं तोंड दिसत होतं. तो माणूस मलाच विचारतो, "आजी, गाडीत काही भानगड?" झालं. मी सांगून टाकलं. मागचा बंपर गेटाला घासलाय, डावं दार चेपलंय, तिथला नवा रंग उन्हात वेगळा दिसतो, मागची काच अर्ध्यात अडते ती हाताने ओढावी लागते. मुलगा म्हणाला, "आणखी काही राहिलं असेल तर तेही सांग." मी म्हटलं, "इंजिनाचं राहिलं. गुणाचं आहे, कधी रस्त्यात बसलं नाही."

ही खोड मला कुणी लावली ते तुला ठाऊक आहे. येरवड्याच्या बाजारात तू वांगी मांडतेस, किडकी वर, चांगली खाली. शेजारच्या बाया उलट मांडतात आणि तुला हसतात. माझी शाळा तिसरीत सुटलेली, मला वाटायचं आई खुळी आहे. एकदा तू चहाला गेलीस आणि मी तीन किडकी वांगी तळाशी घालून एका बाईला दिली. केवढी खूश होते मी. तुला सांगितलं, तर मारलं नाहीस. म्हणालीस, "जा, गाठ तिला. तीन किडकी हायेत म्हणून सांग. शिव्या देईल, त्या खा आन् ये." पुलापर्यंत पळाले. बाईने शिव्या दिल्याच नाहीत, उलट पुढे कित्येक वर्षं भाजी तुझ्याकडूनच नेली. त्या पळण्याने मी जे शिकले ते चौथी-पाचवीत मिळालं नसतं बघ.

काल तसंच झालं. ती पोरगी नवऱ्याला म्हणाली, "आजींनी सगळं सांगितलं, आता बघायचं काय राहिलं?" ते आजच न्यायलाही आले. मुलगा मला म्हणतो, "पुढच्या वेळी तुलाच पाठवतो." असा मान मला ह्या घरात पहिल्यांदा मिळाला, तो तुझा आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

पण एक सांगायचं राहिलं. त्या माणसाने बॉनेटवर हात फिरवून विचारलं होतं, "हे पांढरे डाग कसले?" मुलगा म्हणाला, "कबुतरं. बाबा शेवटपर्यंत त्यांना शिव्या देत होते." मी तांब्यात बघत राहिले. कबुतरं नव्हती गं. गच्चीची किल्ली मिळेना, म्हणून एका उन्हाळ्यात हे दुपारचे झोपले की मी बॉनेटवर फडकं पसरून सांडग्या मिरच्या वाळवायची. ताक आणि मीठ फडक्यातून झिरपून रंगाला लागलं, आणि ते काढायला मी भांड्याची घासणी घेतली. त्यांनी कबुतरं येऊ नयेत म्हणून गाडीच्या जागेवर जाळी बसवली, तरी मी बोलले नाही. आज गाडी निघाली तेव्हा त्या पोरीच्या हातात पिशवीभर सांडग्या मिरच्या दिल्या. का, ते नाही सांगितलं.

ही चिठ्ठी मिरच्यांच्या डब्याखाली ठेवते, आणखी कुठे टाकणार? तू म्हणशील, जा, गाठ तिला. पण वाघोली लांब आहे गं, आणि गाडी तर विकली.