इंदूला दिलेलं रक्त

तात्यापारा, रायपूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. इंदूस दादाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने धरला होता, आता जिना चढते. आमच्या विहंगने पुण्यात नोकरी बदलली. आमच्याशीही आता हिंदीतच बोलतो. शेवग्याला शेंगा लागल्या आहेत, बिलासपूरला तुझ्याकडे कुणी येणार असेल तर पाठवीन.

हे फोनवरच सांगणार होतो. दोनदा लावला आणि तुझा आवाज ऐकून शेंगांचंच बोललो.

रविवारी तू पायलचं सांगितलंस. इथल्या पुरानी बस्तीतली, तुमच्या इथल्या सभेतली मुलगी, सातवा महिना, अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणात रक्त चढवावं लागेल. तुम्हा यहोवाच्या साक्षीदारांत ते चालत नाही, आणि ती घाबरली आहे. तू म्हणालीस, "मी तिले म्हटलं, मले पाह. एक थेंब न घेता उठली मी."

इंदू, तू तशी उठली नाहीस.

अभनपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरने तुझी स्कूटी उडवली, त्याला तीन वर्षं होतील. तू बेशुद्ध होतीस, पोटात रक्तस्राव. हॉस्पिटलात सिस्टरने तुझी पर्स माझ्या हातात दिली. त्यात ते कार्ड होतं. तुझी सही, खाली आणखी दोघांच्या: काहीही झालं तरी मला रक्त देऊ नये. मी दोनदा वाचलं. डॉक्टरांनी विचारलं, "इनका कोई कागज़ है? किसी चीज़ की मनाही?" मी कार्ड खिशात घातलं आणि "नहीं" म्हणालो. फॉर्मवर सही केली. तुला तीन बॉटल रक्त चढलं.

इथवरची मला लाज वाटत नाही. चुकलो असेन, पण तुला मरताना पाहणं मला जमलं नसतं. लाज पुढची आहे.

तिसऱ्या दिवशी तू शुद्धीवर आलीस. पहिलंच विचारलंस, "दादा, रक्त?"

मी म्हणालो, "नाही देऊ दिलं. तुझं कार्ड दाखवलं त्यायले."

तू रडलीस. म्हणालीस, "मले वाटलं नव्हतं तू माझं ऐकशील."

त्याआधी चार वर्षं आपण बोलत नव्हतो. घरच्या गणपतीसमोर आरतीला उभी राहिली नाहीस म्हणून मीच तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दिवशी तू माझा हात धरलास आणि मला बहीण परत मिळाली. खोटं बोलून मिळाली. डिस्चार्जच्या वेळी फाइलमधलं रक्ताचं पान मी काढून घेतलं.

मग तू मला सभेत नेलंस. उभी राहून माझं नाव घेतलंस. आपल्या धर्मातला नसूनही भावाने माझा विश्वास जपला, म्हणालीस. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. मी घेऊ दिला. तुझ्या वहिनीला सगळं माहीत होतं. घरी येताना ती रिक्षात तोंड फिरवून बसली.

काल मी पायलकडे जाऊन खरं सांगितलं.  तिने विचारलं, "दीदी को मालूम है?"

"नहीं."

"तो मुझे पहले क्यों बताया, भैया?"

 परक्या मुलीला सांगणं सोपं होतं, एवढंच. ती म्हणाली, "खून लूँगी या नहीं, वो मैं सोचूँगी. पर दीदी से आप बोलिए." माझ्या मुलाहून लहान पोट्टी, आणि मी तिच्यासमोर मान खाली घालून बसलो होतो.

फाइलमधलं ते पान सोबत जोडलं आहे. तू बेशुद्ध होतीस. तुझ्या हातून कुठला नियम मोडलेला नाही. सभेत कुणी विचारलं तर माझं नाव सांग. माझं उत्तर मी देईन.

पायलने काय करावं हे मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. फक्त तिने माझ्या खोट्यावर विसंबून ठरवू नये. तिला आजच फोन कर. मला नंतर कर. नाही केलास तरी मी काहून म्हणून विचारणार नाही.

ज्याचे आभार तू चुकून मानलेस, तो
तुझा दादा
नीलकंठ